बारा भाषांतले गाणे आणि प्रत्येक भाषेतले घर : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

नाशिकच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची एकवीस वर्षांची मुलगी सुगम संगीत आणि गझल शिकलेली आहे. गेल्या दोन वर्षांत तिने स्पॅनिश, फ्रेंच आणि कोरियन गाणी नुसती ऐकून बसवली, त्यांच्या चित्रफिती टाकल्या आणि परदेशांतून तिला बऱ्यापैकी प्रतिसाद येऊ लागला. ग्रीक गायिका नाना मूस्कूरी यांनी किमान बारा भाषांत गाऊन जगभर नाव कमावले, मग मला ते का जमू नये, असे मुलीचे म्हणणे आहे. तिच्या गुरुजींचे म्हणणे मात्र एका भाषेत नीट गा, बाकीचे नाद सोड असे आहे. आईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. मूस्कूरी यांना हे कसे साधले, ती केवळ दैवी देणगी होती का? भाषा येत नसताना त्या भाषेत गाणे प्रामाणिकपणाचे आहे का? आणि मुलीने कोणत्या भाषेपासून सुरुवात करावी?

उत्तर देण्याआधी माझी ओळख एका वाक्यात करून देते. तरुणपणी सहा वर्षे मी हॉटेलांत आणि जहाजांवर बँडबरोबर गायले, त्यातली दोन वर्षे जर्मनीत काढली, आणि त्यानंतर गेली सव्वीस वर्षे मुंबई-पुण्यात गायकांकडून परभाषेतील गाणी बसवून घेण्याचे काम करते आहे. जाहिरातींची गाणी, डबिंगमधली गाणी, समूहगान आणि अधूनमधून आपल्या मुलीसारखी स्वतःहून आलेली तरुण मंडळी, असा माझा व्याप आहे.

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत असे मला वाटते. परक्या भाषेतले गाणे चांगले गाता येणे ही गळ्याची, कानाची आणि तालमीची बाब आहे, आणि ती मेहनतीने साधते. त्या भाषेत कारकीर्द उभी राहणे ही बाब निराळी आहे. तिथे त्या भाषेत तुमच्यासाठी लिहिणारा गीतकार लागतो, तुमचे गाणे लावणारी रेडिओ केंद्रे लागतात, गावोगावी कार्यक्रम ठरवणारा माणूस लागतो आणि पुन्हा पुन्हा तिकीट काढून येणारा श्रोता लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला असे दिसते की मूस्कूरी यांनी एक कारकीर्द बारा भाषांत पसरवली. माझ्या मते त्यांनी एकाच गळ्यावर चार-पाच स्वतंत्र कारकिर्दी चालवल्या, प्रत्येक भाषेत नव्याने चूल मांडली, आणि उरलेल्या भाषांत पाहुण्यासारखे येऊन-जाऊन गायल्या. हा फरक लक्षात घेतला की आपल्या तीनही प्रश्नांचे रूप बदलते.

त्यांचा प्रवास कसा झाला ते आधी पाहू, कारण त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. १९३४ साली क्रीट बेटावरील खान्या येथे त्यांचा जन्म झाला. वडील चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवत. अथेन्सच्या संगीतविद्यालयात त्यांनी अभिजात गायनाचे शिक्षण अनेक वर्षे घेतले, पण रात्री क्लबमध्ये जॅझ गातात हे शिक्षकांना कळल्यावर परीक्षेचे दार बंद झाले. त्यानंतर संगीतकार मानोस हाजिदाकिस यांनी त्यांना आपली गाणी दिली, आणि १९५९ व १९६० च्या ग्रीक गीतमहोत्सवांत त्यांनी ती गाणी गाऊन पहिला क्रमांक मिळवला. १९६० मध्येच बार्सिलोना येथील भूमध्यसागरी गीतमहोत्सवातही त्या जिंकल्या, आणि त्या यशामुळे पॅरिसमधील फिलिप्स-फॉन्ताना या रेकॉर्ड कंपनीचे लक्ष त्यांच्याकडे गेले. आपल्या मुलीने इथे थोडे थांबून विचार करावा, कारण बाहेरच्या जगाने ज्या गाण्यांमुळे त्यांना हेरले, ती गाणी त्यांच्या मातृभाषेतली होती, आणि ती त्या भाषेतल्याच संगीतकारांनी बांधलेली होती.

पुढचा टप्पा जर्मनीचा. ग्रीसवरील एका जर्मन माहितीपटासाठी हाजिदाकिस यांनी संगीत दिले होते. त्यातल्या चालीवर जर्मन शब्द लिहिले गेले आणि १९६१ मध्ये ‘अथेन्सची पांढरी गुलाबे’ अशा अर्थाचे ते गाणे मूस्कूरी यांच्या आवाजात आले. एकट्या जर्मनीत त्याच्या दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. त्यानंतर १९६२ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकी संगीतकार-निर्माते क्विन्सी जोन्स यांच्याबरोबर इंग्रजी गाण्यांची तबकडी झाली. जोन्स त्या वेळी मर्क्युरी या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीत काम करत होते, आणि मर्क्युरीचे फिलिप्सशी व्यावसायिक नाते होते, म्हणजे ग्रीक गायिकेला अमेरिकेचा दरवाजा कंपनीच्या आतल्या जिन्यानेच उघडला. १९६३ मध्ये त्या पॅरिसला राहायला गेल्या आणि त्याच वर्षी लंडनला झालेल्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत लक्झेंबर्गच्या वतीने फ्रेंच गाणे गाऊन आठव्या आल्या. ग्रीसने या स्पर्धेत पहिल्यांदा भाग घेतला तो १९७४ मध्ये, त्यामुळे ग्रीक नाव घेऊन त्यांना तिथे उभे राहणे शक्यच नव्हते. पुढे अमेरिकी गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी त्यांना अमेरिकेच्या दौऱ्यांवर सोबत नेले आणि १९६६ मध्ये दोघांची ग्रीक गाण्यांची तबकडी निघाली. १९६७ मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया रंगमंचावर त्या मुख्य गायिका म्हणून उभ्या राहिल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस बीबीसीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला.

यात दैवी देणगी किती आणि व्यवस्था किती, हे ठरवणे कठीण आहे, पण व्यवस्थेचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे. त्या काळी युरोपातील रेकॉर्ड कंपन्यांची पक्की समजूत होती की, श्रोता विकत घेतो ती स्वतःच्या भाषेतली तबकडी. ही समजूत इतकी बळकट होती की, जानेवारी १९६४ मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत बीटल्सनासुद्धा आपली दोन गाणी जर्मनमध्ये गाऊन द्यावी लागली. म्हणजे अनेक भाषांत गाणे ही मूस्कूरी यांची एकटीची हौस नव्हती. तो त्या बाजाराचा रिवाज होता. त्यांचे वेगळेपण असे की बाकीच्यांनी हे काम एक-दोनदा वेठ उरकल्यासारखे केले, आणि त्यांनी ते दशकानुदशके मनापासून केले. निर्माते आँद्रे शापेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा सांभाळ वर्षानुवर्षे केला (पुढे ते दोघे विवाहबद्धही झाले), आणि एकच कान सगळ्या भाषांमधल्या गाण्यांवर लक्ष ठेवून असल्यामुळे आवाजाची जात कुठेही बदलली नाही. जर्मन श्रोत्याला आणि कॅनडातल्या फ्रेंच श्रोत्याला वेगवेगळी गाणी मिळाली, पण काळ्या जाड चौकटीचा चष्मा लावलेली, फारसे हातवारे न करता सरळ उभी राहून गाणारी बाई तीच राहिली. तो चष्मा काढण्याचा सल्ला त्यांना सुरुवातीला मिळाला होता आणि त्यांनी तो मानला नाही. माझ्या मते हा त्यांच्या कारकिर्दीतला एक शहाणपणाचा निर्णय होता, कारण भाषा बदलत राहिली तर बाकी काहीतरी स्थिर असावे लागते.

आता गाण्याच्या शब्दांकडे येते, कारण हौशी गायक सगळ्यात मोठी चूक इथे करतात. ते मूळ गाण्याचे भाषांतर करून गातात. बहुभाषिक गायकांची यशस्वी गाणी पाहिली तर त्यांत भाषांतर क्वचितच सापडते. चाल एक असते, आणि प्रत्येक भाषेतला गीतकार त्या चालीवर नव्याने लिहितो. १९८४ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी व्लादिमीर कोस्मा यांनी केलेली एक चाल मूस्कूरी यांनी अनेक भाषांत गायली. फ्रेंचमध्ये तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘वारशाने आलेले प्रेम’ असा आहे, इंग्रजीत ‘फक्त प्रेम’ आणि जर्मनमध्ये ‘पण प्रेम उरते’. तिन्ही ठिकाणी प्रेम आहे, परंतु वाक्य वेगळे आहे, कारण चालीतल्या लांब सुरावर कोणता स्वर आणि कोणते वजन पडणार हे प्रत्येक भाषेत वेगळे ठरते. इंग्रजी आवृत्ती १९८६ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

आणखी एक उदाहरण देते, कारण मी ते वर्गात नेहमी वापरते. १९८१ मध्ये मूस्कूरी यांनी इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या ‘नाबुक्को’ या ऑपेरातील गुलामांच्या समूहगानाच्या चालीवर स्वातंत्र्याचे फ्रेंच गाणे गायले, आणि पुढे तेच इंग्रजी, जर्मन व स्पॅनिशमध्येही आले. स्वातंत्र्यासाठी फ्रेंच शब्द आहे ‘लिबेर्ते’ आणि स्पॅनिश शब्द आहे ‘लिबेर्ताद’. दोन्हींत जोर शेवटच्या अक्षरावर आहे, त्यामुळे ओळीच्या अखेरीस सूर लांबवला की शब्द फुलतो. जर्मन ‘फ्रायहाइट’ आणि इंग्रजी ‘लिबर्टी’ यांत जोर पहिल्या अक्षरावर आहे. त्यांचे शेवटचे अक्षर लांबवले तर ऐकणाऱ्याला कुणीतरी शब्दाचा हात उलटा पिरगाळल्यासारखे वाटते. म्हणून तिथे गीतकाराला वाक्याची रचनाच हलवावी लागते. मराठीत आपल्याला याची सवय नाही, कारण आपल्या भाषेत अक्षरांचे लघु-गुरू महत्त्वाचे आहेत, पण शब्दातल्या जोरामुळे अर्थ सहसा बदलत नाही. ग्रीकमध्ये ‘पोते’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ होतो ‘केव्हा’, आणि दुसऱ्यावर दिला तर ‘कधीच नाही’. प्रियकराला तू केव्हा येशील असे विचारायचे असताना गायिका भलतेच सांगून बसेल, आणि तिला त्याचा पत्ताही लागणार नाही.

यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. भाषा बोलता येत नसताना त्या भाषेत गाणे अप्रामाणिक आहे असे मी मानत नाही. आपल्या संगीतात ही परंपरा जुनीच आहे. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनी ज्या अनेक भारतीय भाषांत गाणी गायली, त्या सगळ्या त्यांना बोलता येत होत्या असे नाही. मात्र न बोलता येणारी भाषा गाताना किती कष्ट घ्यायचे, याचे माप त्यांच्याच पिढीने घालून दिले आहे. मराठी गायकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो अशा आशयाचे दिलीपकुमार यांचे बोलणे तरुण लताबाईंच्या मनाला लागले आणि त्यांनी मौलवी ठेवून उर्दूचे धडे घेतले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या शेरा ऐकून रुसल्या नाहीत आणि उर्दू सोडूनही बसल्या नाहीत. त्यांनी शिकवणी लावली.

मी माझ्याकडे येणाऱ्यांकडून किमान तीन गोष्टींची अपेक्षा धरते. प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक हवा, गाण्याचा मजकूर चालीशिवाय, बोलल्यासारखा, अडखळल्याविना म्हणता यायला हवा, आणि त्या भाषेच्या दोन माणसांनी, ज्यांतला एक संगीतातला नसावा, नुसते ऐकून शब्द लिहून दाखवायला हवेत. ही तिसरी कसोटी सगळ्यात निर्दय आहे. चित्रफितीखाली ‘फार सुंदर’ असे लिहिणारे परदेशी श्रोते प्रेमाने लिहितात, पण त्यांनाच कागद-पेन्सिल दिली तर अर्ध्या ओळी रिकाम्या राहतात. एका गुणी विद्यार्थिनीच्या बाबतीत मी हे स्वतः पाहिले आहे, आणि त्यानंतर आठ महिन्यांनी तिचेच ध्वनिमुद्रण दोन्ही माणसांनी एकही शब्द न चुकता उतरवून घेतलेलेही पाहिले आहे.

मराठी गळ्याच्या काही जमेच्या बाजू आहेत, त्या आपल्या मुलीला मुद्दाम सांगा. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि ग्रीक या भाषांतील ‘त’ हा दातांना जीभ लावून म्हटलेला, आपल्या ‘त’सारखाच आहे, आणि ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना हवेचा झोत सोडायचा नसतो. इंग्रजी भाषक गायकांना हे शिकवताना नाकी नऊ येतात. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. गंमत अशी की आपली मुले रोमन लिपी इंग्रजीतून शिकलेली असल्याने कागदावर ते अक्षर दिसले की ‘ट’ म्हणतात आणि घरातला पैसा टाकून उसनवारी करतात. मी पहिल्याच दिवशी सगळा मजकूर देवनागरीत लिहून घ्यायला लावते, त्याचे एक कारण हे आहे. स्पॅनिश आणि ग्रीक या दोन्ही भाषांत मूळ स्वर पाचच, आणि ते आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या बरेच जवळचे आहेत.

अडचणीही तशाच नेमक्या आहेत. फ्रेंचमधले अनुनासिक स्वर मराठी माणसाला अवघड जातात, कारण आपण ‘अंबा’ म्हणताना प्रत्यक्षात ‘म्’ उच्चारतो, तर फ्रेंचमध्ये व्यंजन न येता स्वरच नाकातून जातो. कोकणी बोलणाऱ्या मुलांना हे चटकन जमते, कारण त्यांच्या भाषेत तसे स्वर आहेत. बोलताना गिळला जाणारा फ्रेंच शब्दातला शेवटचा ‘अ’ गाताना मात्र बरेचदा स्वतंत्र सुरावर घ्यावा लागतो, आणि ऐकून बसवणारे गायक तिथे हमखास चुकतात. कोरियनमध्ये ‘क’ आणि ‘ख’ यांच्या जोडीला घसा आवळून म्हटलेला तिसरा ‘क’ आहे, जो आपल्या कानाला सुरुवातीला वेगळा वाटतच नाही. आणि आपल्या हरकती-मुरक्या! गझलेत शोभणारी जागा फ्रेंच गाण्यात घेतली की स्वराचा रंग बदलतो आणि शब्दच पालटतो. हरकत घेऊ नये असे मी म्हणत नाही; ती कोणत्या स्वरावर घ्यायची हे त्या भाषेला विचारून ठरवावे.

देवनागरीवर पूर्ण विसंबूनही चालत नाही, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकले. जर्मनीत एका हॉटेलात गात असताना माझ्या गाण्यात ‘नरक’ असा शब्द होता. जर्मनमध्ये नरक आणि गुहा या दोन शब्दांत फरक आहे तो पहिल्या स्वराचा; ‘ए’ म्हणताना ओठ ‘ओ’सारखे गोल केले की जो स्वर निघतो, तो नरकात ऱ्हस्व आणि मोकळा, गुहेत दीर्घ आणि आवळलेला. माझ्या वहीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले गेले असते. चालीत तिथे लांब सूर होता, मी तो आपल्या पद्धतीने भरून, आवळून घेतला, आणि दोन महिने दर शनिवारी विरहाने पोळून मी गुहेत जात राहिले. श्रोते सभ्य होते, कुणी बोलले नाही. शेवटी भांडी विसळणाऱ्या बाईंनी हसत हसत सांगितले. तेव्हापासून मी सूर लांबला तरी स्वराची जात बदलू देत नाही, आणि देवनागरीवर अशा स्वरांसाठी स्वतःच्या खुणा करते.

आता कारकिर्दीच्या दुसऱ्या वाटा सांगितल्या पाहिजेत, कारण मूस्कूरी यांची वाट ही एकमेव वाट नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम माकेबा यांनाही बेलाफॉन्टे यांचाच हात मिळाला आणि दोघांच्या १९६५ मधल्या तबकडीला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पण माकेबा यांनी खोसा भाषेतली, जिभेच्या टकटकीची गाणी तशीच अमेरिकी श्रोत्यांसमोर ठेवली आणि श्रोत्यांना आपल्या भाषेकडे यायला लावले. १९६७ मध्ये ‘पाता पाता’ अमेरिकेत गाजले तेव्हा त्यातले बहुतेक शब्द तिथल्या लोकांना कळत नव्हते. तिसरी वाट आशाबाईंची. १९९१ मध्ये ब्रिटिश गायक बॉय जॉर्ज यांच्या गाण्यात, २००२ मध्ये अमेरिकी गायक मायकेल स्टाइप यांच्याबरोबर आणि २००५ मध्ये क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीबरोबर त्या गायल्या. चौकडीबरोबर त्यांनी राहुल देव बर्मन यांचीच गाणी पुन्हा गायली आणि त्या संग्रहाला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. आयुष्यभराचे काम जवळ असल्यावर परके कलावंत आपल्या दारी येतात, असा हा प्रकार आहे. तो एकवीस वर्षांच्या मुलीने योजून करण्याचा नाही.

चौथी वाट आपल्याकडे सर्वांत रुळलेली आहे, ती म्हणजे परदेशात जाऊन आपल्याच माणसांसमोर गाणे. १९७४ मध्ये लताबाई लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, तेव्हा त्यांना भाषा बदलण्याची गरज पडली नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचे, आणि मराठी गायकांना या मंडळांनी मोठा आधार दिला आहे. हे काम कमी प्रतीचे आहे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु ‘परदेशी कार्यक्रम’ या एकाच शब्दात हे आणि परभाषक श्रोत्यांसमोरचे गाणे दोन्ही कोंबले जाते, आणि मग घरात अपेक्षांचा गोंधळ होतो. मुलीला यांतले नेमके काय हवे आहे, हे तिला एकदा शांतपणे विचारा.

बाजारही आता बदलला आहे. २०१७ मध्ये ‘देस्पासितो’ हे स्पॅनिश गाणे जगभर वाजले आणि २०१८ मध्ये बीटीएस या कोरियन चमूचा प्रामुख्याने कोरियन भाषेतला संग्रह अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला. श्रोत्याला त्याच्याच भाषेत गाणे द्यावे लागते ही १९६४ ची समजूत त्यामुळे ढिली झाली आहे. याचा अर्थ मुलीने मराठीत वा कोकणीत केलेले नवे गाणे दूरच्या माणसापर्यंत पोहोचण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे, आणि चार परक्या भाषांतली दुसऱ्यांची गाणी गाऊन दाखवण्याचे अप्रूप पूर्वीपेक्षा कमी आहे.

मूस्कूरी यांनी या प्रवासाची किंमतही मोजली. पॅरिसला घर केल्यावर त्यांनी ग्रीसमध्ये कार्यक्रम केला तो थेट १९८४ मध्ये, अथेन्सच्या हेरोडेस अ‍ॅटिकस या प्राचीन रंगमंचावर, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळाने. २००८ मध्ये निरोपाच्या दौऱ्याचा शेवट त्यांनी त्याच रंगमंचावर केला. १९८४ पूर्वीच्या त्या काळात त्यांच्या मायदेशी एक अख्खी पिढी त्यांना समोर न पाहता वाढली. ज्या आईने हा प्रश्न विचारला आहे, तिने हा भागही मुलीला सांगावा. भीती घालण्यासाठी सांगू नये, पण दडवूही नये.

कोणती भाषा आधी घ्यावी हे मी इथे बसून सांगू शकत नाही, कारण ते मुलीच्या स्वरांवर कमी आणि परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे. एका देशात सहा महिने ते वर्षभर राहता येईल का, तिथे शिक्षणासाठी जाण्याची सोय आहे का, घरचा खर्च तिच्यावर आहे का, हे पाहावे लागेल. यापैकी काही जमणार असेल तर ज्या देशात राहता येईल त्याची भाषा घ्यावी, बोलायलाही शिकावी, आणि बाकीच्या भाषा वर्षभर बाजूला ठेवाव्यात. जमणार नसेल तर माझी शिफारस स्पॅनिश किंवा पोर्तुगीज अशी राहील. स्पॅनिशचे कारण वर दिलेच आहे. पोर्तुगीजचे कारण गोव्यात आहे. तिथे फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराची जिवंत परंपरा आहे, सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिका ते गातात, आणि नाशिकहून लिस्बनला जाण्यापेक्षा पणजीला जाऊन दर महिन्याला दोन दिवस बसणे कितीतरी सोपे आहे. ज्या भाषेचा एखादा तरी जाणता माणूस समोरासमोर कान पकडू शकतो, ती भाषा लवकर येते.

व्यवहाराचे दोन शब्द सांगते, कारण त्यात मुलांची फसगत होते. दुसऱ्याचे गाणे जसेच्या तसे पुन्हा गाणे आणि त्यावर नवे शब्द लिहून गाणे यांत कायद्याने फरक आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावर आगाऊ सूचना आणि स्वामित्वधन देऊन आवृत्ती काढता येते, परंतु मालकाच्या संमतीशिवाय तांत्रिक गरजेपलीकडचे बदल करता येत नाहीत. आणि भाषांतर किंवा नवे शब्द यांना हक्कधारकाची परवानगी लागतेच. चित्रफितींना लाखो प्रेक्षक मिळाले तरी त्यावरच्या जाहिरातींचे पैसे बहुधा मूळ गाण्याच्या मालकाकडे जातात, हे तिला आधी माहीत असलेले बरे. परदेशात मानधन घेऊन गायचे असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही, आणि ‘चालतो हो’ असे सांगणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊ नये.

गुरुजींबद्दल शेवटी लिहिते. ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून विरोध करतात, असा मुलीचा समज असेल तर तो मला अपुरा वाटतो. मूस्कूरी अथेन्समध्ये वर्षानुवर्षे शास्त्रशुद्ध गळा घडवत होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे जर्मन किंवा फ्रेंच बाजार नव्हता, आणि पुढे प्रत्येक भाषेत त्यांना तोच गळा कामी आला. मुलीची गझलेची तालीम आठवड्यातून चार दिवस चालू राहावी, आणि परभाषेला दोन दिवस द्यावेत, असे मी सुचवेन. गुरुजींना हे वेळापत्रक दाखवले तर बहुधा त्यांचा राग निवळेल.

तिचे ध्वनिमुद्रण मी ऐकावे अशी इच्छा असेल तर वाद्यसंगत न लावता, फोनवरच, एकच स्पॅनिश कडवे पाठवावे. आधी ते नुसते वाचून दाखवावे, मग गावे, आणि सोबत त्या कडव्याचा अर्थ तिने स्वतःच्या मराठीत लिहावा.